जुन्या ट्रकचे नवे पाय

गाडी दिसावी १९५३ ची आणि चालावी आजची, ही अपेक्षा अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये आता इतकी रुळली आहे की तिचे समर्थन करण्याची गरजही कोणाला वाटेनाशी झाली आहे. या अपेक्षेची मोठी किंमत मोजली ती तेथील जुन्या पिकअप ट्रकांनी. १९४७ साली आलेली शेवरलेची 'अ‍ॅडव्हान्स डिझाइन' मालिका असो की १९५३ चा फोर्ड एफ-१०० असो. ट्रक हाती आला की पुढच्या दोन चाकांना जोडणारा सलग पोलादी अ‍ॅक्सल आणि त्याचे पाटे काढून टाकायचे, आणि त्या जागी एखाद्या प्रवासी मोटारीच्या धर्तीचे स्वतंत्र सस्पेंशन बसवायचे, हा जणू सोळा संस्कारांपैकी एक होऊन बसला आहे. त्यासाठी लागणाऱ्या तयार सुट्या भागांचा मोठा व्यापार उभा आहे. ज्याने अ‍ॅक्सल बदललेला नाही त्याचे काम अपुरे राहिले आहे, असेच गृहीत धरले जाते.

प्रस्तुत लेख या प्रथेच्या विरोधात आहे. मात्र विरोधाचे कारण 'जुने ते सोने' हे नाही. जुने ते पुष्कळदा नुसते गंजलेले लोखंड असते. कारण असे की, ही अदलाबदल एका चुकीच्या गृहीतकावर उभी आहे आणि ते गृहीतक मोटारींपुरते मर्यादित नाही. आपल्या आधीच्यांना कळत नव्हते म्हणून त्यांनी तसे केले, असे ते गृहीतक.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सलग अ‍ॅक्सलमध्ये डावे आणि उजवे चाक एकाच तुळईच्या दोन टोकांना असते. डावे चाक खड्ड्यात गेले की तुळई कलते आणि तिच्यासोबत उजवे चाकही कलते. स्वतंत्र सस्पेंशनमध्ये प्रत्येक चाक आपापल्या भुजांवर वरखाली होते. एकाचा धक्का सहसा दुसऱ्याला बसत नाही. चाकाबरोबर हलणारे वजन कमी होते, वळणावर रस्त्याची पकड सुधारते, आत बसणाऱ्याच्या पाठीला सुख लाभते. हे सर्व गुण खरे आहेत आणि ते नाकारणे हटवादीपणाचे ठरेल.

परंतु त्याला 'आधुनिक' हे विशेषण कशाच्या आधारे लावायचे? इटलीच्या लान्चा कंपनीची 'लाम्ब्दा' ही मोटार पुढच्या चाकांच्या स्वतंत्र सस्पेंशनसह १९२२ साली लोकांपुढे आली. जनरल मोटर्सने १९३४ साली शेवरलेसह आपल्या अनेक मोटारींना ते दिले आणि 'नी-अ‍ॅक्शन' या नावाने त्याचा गाजावाजाही केला. म्हणजे १९४७ चा शेवरले ट्रक बाजारात आला तेव्हा त्याच कंपनीला ही विद्या अवगत होऊन तेरा वर्षे लोटली होती. फोर्डने आपल्या १९४९ च्या मोटारींना स्वतंत्र सस्पेंशन दिले. त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या एफ-१०० ला मात्र सलग अ‍ॅक्सलच ठेवला. तेव्हा हा अ‍ॅक्सल अज्ञानाची खूण आहे, असे म्हणता येत नाही. पर्याय समोर असताना, मोटारीसाठी एक आणि ट्रकसाठी दुसरा, असा केलेला तो निर्णय होता.

या निर्णयामागची कारणे ट्रकच्या कामातच दिसतात. मोटारीचे वजन दिवसभरात फारसे बदलत नाही, ट्रकचे बदलते. सकाळी रिकामा निघालेला पिकअप दुपारी पोत्यांनी दबलेला असतो. सलग अ‍ॅक्सलवर सांगाडा कितीही खाली बसला तरी चाके जमिनीवर उभीच राहतात, कारण त्यांचा कोन अ‍ॅक्सलने ठरवलेला असतो. स्वतंत्र भुजांवर मात्र सांगाडा जसा दबेल तसा चाकांचा कोन बदलत जातो. अ‍ॅक्सलखालची मोकळी उंचीही भाराने घटत नाही. शेतातल्या चाकोऱ्यांतून जाणाऱ्याला तिचे मोल कळते. पाट्यांच्या दोन्ही टोकांतून येणारा भार सांगाड्याच्या बऱ्याच लांबीवर वाटला जातो. झिजणारे भाग मोजके: किंगपिन आणि त्यांचे बुश, स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे, पाट्यांच्या कड्या. ग्रीसगन हाताशी असलेला शेतकरी त्यांची निगा स्वतः राखू शकत असे. शिवाय ही रचना स्वस्त होती. ते लपवण्याचे कारण नाही. घेणाऱ्याच्या खिशाचा विचार हाही अभियांत्रिकीचाच भाग असतो.

या निर्णयाची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. ती ट्रक चालवणाऱ्याच्या पाठीने मोजली. एकाच कंपनीच्या, एकाच काळातल्या दोन वाहनांपैकी एकाला आरामदायी चाल मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही. जे वाहन कुटुंबाला घेऊन फिरायला निघणार होते त्याला ती मिळाली. जे गवत, सिमेंट आणि अवजारे वाहणार होते त्याला नाही. कष्टकऱ्याने किती हादरे सोसावेत याविषयी त्या समाजाची जी समजूत होती, ती या पाट्यांत आणि तुळईत नोंदलेली आहे. ती समजूत आपल्याला मान्य नसेल, आणि नसावीच. पण म्हणून तिचा पुरावा खरवडून टाकण्याचा अधिकार मिळत नाही. पुरावा खरवडल्यावर जे शिल्लक राहते ते गोलसर पंख, क्रोमचा मुखवटा आणि दारावरचा सुबक रंग. म्हणजे कष्टाचे वाहन तर राहते, फक्त त्यातले कष्ट वजा होतात. ग्रामीण अमेरिकेचे हे रंगीत चित्र विकत घेणाऱ्याला त्या काळातल्या शेतकऱ्याची पाठ नको असते, त्याची टोपी तेवढी हवी असते.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. यात सर्वांत प्रचलित आहे ती 'मस्टँग टू'ची रचना. फोर्डने ही छोटी मोटार १९७४ ते १९७८ या वर्षांसाठी काढली. तिचे पुढचे सस्पेंशन आटोपशीर होते, स्टिअरिंग रॅक-पिनियनचे होते, म्हणून ते इतरत्र बसवायला सोयीचे पडले. आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या संचांतले बरेचसे भाग मूळच्याहून दणकट असतात हे मान्य. तरी वंश छोट्या प्रवासी मोटारीचाच. दुसरा लोकप्रिय दाता म्हणजे फोर्डची 'क्राउन व्हिक्टोरिया', त्यातही २००३ ते २०११ ची. तिचे पुढचे सस्पेंशन अ‍ॅल्युमिनियमच्या एका आडव्या पाळण्यावर बसवलेले असते. तो पाळणाच उचलून ट्रकच्या सांगाड्याखाली बसवतात. तो रुंद असल्याने चाके पंखांबाहेर डोकावू नयेत म्हणून वेगळ्या घडणीची चाके शोधावी लागतात.

पण गोष्ट तेथे थांबत नाही. जुन्या ट्रकचा सांगाडा म्हणजे इंग्रजी 'सी' अक्षराच्या छेदाच्या दोन लांब पट्ट्या आणि त्यांना रिव्हेट केलेल्या आडव्या तुळया. हा सांगाडा खडबडीत जमिनीवर थोडा पिळला जावा, अशीच अपेक्षा असे. स्वतंत्र सस्पेंशनला उलट ताठ सांगाडा लागतो, कारण भार आता एकाच आडव्या तुळईपाशी एकवटतो. म्हणून रिव्हेट घासून काढायचे, पट्ट्यांची उघडी बाजू पोलादी पत्र्याने बंद करायची, नवी तुळई वेल्डिंगने जोडायची. मग इंजिनाची बैठक नव्या तुळईला अडते, ती हलवा. स्टिअरिंगचा दांडा जुन्या जागी पोहोचत नाही, तो तोडून सांधे घाला. पुढचे सुधारले म्हणून मागचे निकृष्ट वाटू लागते. तेथे जग्वार किंवा कॉर्व्हेटचे स्वतंत्र सस्पेंशन आणा. एक बदल दुसऱ्याला भाग पाडतो आणि शेवटी ट्रकने ट्रकचे काम करायचेच तेवढे राहते. बसवणाऱ्यालाही ते ठाऊक असते. म्हणून तर मागच्या हौद्यात पॉलिश केलेल्या लाकडी पट्ट्या बसवल्या जातात, ज्यांवर कोणी वीट ठेवणार नाही.

या भूमिकेवर तीन आक्षेप अपेक्षित आहेत.

पहिला सुरक्षिततेचा. जुना ट्रक आजच्या महामार्गावर धोकादायक आहे, असे सांगितले जाते. ते पुष्कळ अंशी खरे आहे. पण धोका कोठे आहे ते नीट पाहावे. १९५३ च्या ट्रकमध्ये चारही चाकांच्या ब्रेकना तेल पुरवणारी वाहिनी एकच. ती फुटली की सगळे ब्रेक गेले. त्यावर उपाय दुहेरी मास्टर सिलिंडरचा, आणि तो अ‍ॅक्सलला न सोडवता बसतो. डिस्क ब्रेकही त्याच अ‍ॅक्सलवर बसवता येतात. राहिले रस्त्यावर भरकटणे. त्याचे मूळ बहुधा झिजलेल्या किंगपिनमध्ये, ढिल्या स्टिअरिंग बॉक्समध्ये आणि गंजून एकमेकांना चिकटलेल्या पाट्यांमध्ये असते. बुश बदला, पाटे उकलून साफ करा, चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावा, रेडियल टायर चढवा, अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये पाचर घालून किंगपिनचा मागचा कल थोडा वाढवा. सत्तर वर्षांच्या झिजेची तुलना नव्या कोऱ्या सस्पेंशनशी करून 'जुनी रचनाच वाईट' असा निकाल देणे, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप तात्त्विक. बुश बदलला, टायर बदलले, ब्रेक बदलले, तर अ‍ॅक्सलने काय पाप केले? शेवटी सगळे भागच तर आहेत! हा प्रश्न जुना आहे. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात नागसेन राजाला रथाविषयी हेच विचारतो: अक्ष म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? एकही भाग रथ नसतो आणि भागांवेगळाही रथ सापडत नाही. भाग जुळून आले की त्यांना 'रथ' म्हणण्याचा व्यवहार चालतो. आक्षेपकांनी याचा अर्थ 'मग काहीही बदला' असा लावू नये. नाव भागांच्या जुळणीला मिळत असेल, तर तीच जुळणी कायम ठेवून भाग बदलणे वेगळे आणि जुळणीच मोडणे वेगळे. मराठी वाचकाला हा भेद एकनाथांनी कधीच शिकवून ठेवला आहे. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. काळाच्या ओघात शिरलेली अशुद्धे काढली, आणि त्यात आपली ओवी घालणाऱ्याला कडक ताकीदही देऊन ठेवली. नवा बुश ही पाठशुद्धी आहे. क्राउन व्हिक्टोरियाचा पाळणा हा प्रक्षेप आहे, मग तो कितीही सुंदर वृत्तात असो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: न चालणारी गाडी मरते. जी चालवताना हात दुखतात ती गाडी कोपऱ्यात पडून सडेल. त्यापेक्षा बदलून चालवलेली बरी. शिवाय ट्रक तर अवजारच, आणि मालकाने अवजार आपल्या सोयीने बदलणे ही त्याची परंपराच आहे. यातले तथ्य नाकारता येत नाही. शेतकऱ्याने नांगरासाठी बदललेला ट्रक हा त्या ट्रकच्या चरित्राचा भाग होतो. पण तो बदल कामासाठी होता. येथे बदल काम संपवण्यासाठी होतो आणि वर कामाचाच वेश मिरवतो. शिवाय बदलायचेच असेल तर सांगाडा कापण्यावाचून गत्यंतर नाही, हे खरे नाही. जुनी केबिन बसेल असे संपूर्ण नवे सांगाडे बाजारात मिळतात. ते घ्या, जुना सांगाडा अ‍ॅक्सलसकट कोठारात ठेवा. पुढच्या मालकाला मूळ संहिता तरी सापडेल.

आणखी एक गोष्ट या वादात सोयीस्करपणे विसरली जाते. ट्रकला स्वतंत्र सस्पेंशन देण्याचा प्रश्न ट्रक बांधणाऱ्यांनी स्वतःच हाताळला होता. शेवरलेने १९६० च्या पिकअपना पुढे टॉर्शन बारवरचे स्वतंत्र सस्पेंशन दिले, १९६३ साली ते बदलून कॉइल स्प्रिंगवर आणले. फोर्डने १९६५ साली 'ट्विन आय-बीम' आणले: अ‍ॅक्सलच्या दणकट तुळईचाच वारसा सांगणाऱ्या दोन तुळया, प्रत्येक चाकाला एक. ट्रकपण न सोडता स्वातंत्र्य कसे द्यावे, या प्रश्नाला दिलेली ही उत्तरे होती, आणि ट्विन आय-बीमचे उत्तर अनेक दशके टिकले. होंडाने २००५ साली 'रिजलाइन' आणली ती चारही चाकांच्या स्वतंत्र सस्पेंशनसह. तिचा सांगाडा आरंभापासून तसाच आखलेला होता. दुसरीकडे फोर्डच्या 'सुपर ड्यूटी' मालिकेतील चारचाकी चालनाच्या ट्रकांना एकविसाव्या शतकातही पुढे सलग अ‍ॅक्सलच आहे. जेथे भार खरोखर ओढायचा असतो तेथे 'कालबाह्य' तुळई आजही नोकरीवर आहे.

तेव्हा ज्यांना मऊ चाल हवी आहे त्यांनी १९६० नंतरचा ट्रक घ्यावा, नवा घ्यावा, किंवा सरळ मोटार घ्यावी. यांतल्या कशालाही कोणाची हरकत नाही. ज्यांनी करवत चालवलीच आहे त्यांनी निदान विकताना आपल्या वाहनाला 'जीर्णोद्धार केलेला १९५३ चा ट्रक' म्हणू नये. तो १९५३ चा पत्रा ल्यालेली अलीकडची मोटार आहे. तिला त्या नावाने विकावे. आणि ज्यांच्या हाती अजून न कापलेला सांगाडा आहे, त्यांनी ग्राइंडर सुरू करण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की ज्या माणसांनी तो अ‍ॅक्सल तेथे ठेवला त्यांना दुसरा पर्याय ठाऊक होता. त्यांनी तो का नाकारला, हे समजून घेतल्यावर अ‍ॅक्सल काढावासा वाटला तर काढावा. समजून न घेता काढणे ही मात्र सुधारणा ठरत नाही.