गादी सोडल्यानंतरची खेळी

रविवार पेठेतील पेढी असो वा मार्केट यार्डातील गाळा, व्यापारी कुटुंबात एक दिवस येतोच. चिरंजीव गादीवर बसतात, चेकवर त्यांची सही चालू लागते आणि चाळीस वर्षे दुकान सांभाळलेल्या वडिलांना सकाळी घरातून निघताना प्रथमच प्रश्न पडतो की आता दुकानात आपले काम काय? या प्रश्नाचे एक उत्तर पुण्याच्याच एका खेळाडूच्या आयुष्यात सापडते.

चंद्रकांत गुलाबराव तथा चंदू बोर्डे यांचा जन्म २१ जुलै १९३४ रोजी पुण्यात एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. बडोदा आणि महाराष्ट्र या दोन्ही संघांकडून ते खेळले. १९५८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. आरंभ मात्र फसला. पहिल्या दोन सामन्यांत यश आले नाही आणि तिसऱ्या सामन्यातून त्यांना वगळण्यात आले. पुन्हा संधी मिळाली तेव्हा दिल्लीच्या पाचव्या कसोटीत, वेस हॉलच्या भेदक माऱ्यासमोर, त्यांनी पहिल्या डावात १०९ धावा केल्या. दुसऱ्या डावात ते ९६ धावांवर असताना स्वतःच्याच हातून यष्टी पडली. दोन्ही डावांत शतक करण्याचा मान चार धावांनी हुकला, परंतु सामना वाचला.

ऑक्टोबर १९६४ मध्ये मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध २५४ धावांचे लक्ष्य होते. एकामागून एक गडी बाद होत गेले आणि शेवटी बोर्डे यांच्या जोडीला यष्टिरक्षक इंद्रजितसिंहजी उरले. बोर्डे ३० धावांवर नाबाद राहिले आणि भारत दोन गडी राखून जिंकला. धावफलकात ३० हा आकडा लहान दिसतो. त्या दिवशी त्याचे मोल एखाद्या शतकाहून कमी नव्हते.

खांद्याच्या दुखापतीने त्यांची लेगस्पिन गोलंदाजी अकाली थांबली. ५५ कसोटी सामने, ३०६१ धावा, पाच शतके आणि ५२ बळी असा हिशेब १९६९ मध्ये पूर्ण झाला. इतक्या मोठ्या कारकिर्दीत कसोटी कर्णधारपद लाभले ते एकदाच, १९६७ मध्ये ॲडलेड येथे, तेही पतौडी जखमी झाल्यामुळे. तो सामना भारताने गमावला. नेतृत्व पुन्हा त्यांच्याकडे आले नाही.

ज्याची बॅट खाली ठेवली गेली, त्याचा खेळ मात्र संपला नव्हता. निवड समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९८९ मध्ये सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर कराचीत पहिली कसोटी खेळला, त्या दौऱ्यावर संघाचे व्यवस्थापक बोर्डे होते.

खरी परीक्षा २००७ मध्ये आली. विश्वचषकात संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, प्रशिक्षक ग्रेग चॅपल पायउतार झाले आणि त्यांच्या जागी निवडलेले ग्रॅहम फोर्ड यांनी नकार कळविला. इंग्लंड दौरा तोंडावर होता. अशा वेळी व्यवस्थापक म्हणून संघासोबत धाडण्यात आले ते बोर्डे. लॉर्ड्सची कसोटी चालू असतानाच त्यांनी वयाची ७३ वर्षे पूर्ण केली. गोलंदाजीची बाजू व्यंकटेश प्रसाद यांच्याकडे, क्षेत्ररक्षण रॉबिन सिंग यांच्याकडे आणि मैदानावरचे निर्णय कर्णधार राहुल द्रविड यांच्याकडे होते. नॉटिंगहॅमला झहीर खानने दोन्ही डावांत मिळून नऊ बळी घेतले, सामना सात गड्यांनी जिंकला आणि मालिका १-० अशी भारताकडे आली. १९८६ नंतर इंग्लंडमध्ये मिळालेला हा पहिला मालिकाविजय होता. त्यानंतरची एकदिवसीय मालिका मात्र ४-३ अशी हातची गेली.

या विजयाचे श्रेय एकट्या बोर्डे यांना देणे अन्यायाचे होईल. धावा फलंदाजांच्या होत्या, बळी गोलंदाजांचे होते. तथापि घर विस्कटलेले असताना ज्येष्ठाने हाक ऐकून यावे आणि ज्याचे काम त्याच्याकडे राहू द्यावे, ही गोष्टही लहान नाही.

जैन दर्शनात कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि दुसऱ्याने केलेल्याचे अनुमोदन करणे. पापाला जसे हे तिन्ही लागू, तसे पुण्यालाही. तरुणपणी माणूस करतो, प्रौढपणी करवितो. अनुमोदना ही पायरी सर्वांत अवघड, कारण तेथे 'मी' मागे ठेवावा लागतो. दिल्लीतील १०९ धावा ही करणी होती, तर नॉटिंगहॅमच्या विजयात त्यांच्या वाट्याला आली ती अनुमोदना.

गादी सोडलेल्या वडिलांनी दुकानात जाणे बंद करावे असे नाही आणि रोज जाऊन मुलाची खातेवही तपासावी असेही नाही. उधारी थकली, भागीदार फिरला, बाजार पडला, अशा दिवशी मुलाला मागे वळून पाहावेसे वाटले, तर तेथे कोणीतरी शांतपणे बसलेले असावे. मुलाने निर्णय घेतल्यावर मनापासून 'बरोबर केलेस' म्हणता यावे. दुकानाच्या नफा-तोट्यात त्या दोन शब्दांची नोंद होत नाही, पण पुढची पिढी उभी राहते ती बहुधा त्यांच्याच बळावर.