कुलपाचे मर्म झाकावे काय?
डोंबिवली-कल्याणच्या ज्या घरांतील कर्ती माणसे सकाळच्या लोकलने मुंबईस रवाना होतात, त्यांच्या मालमत्तेचा दिवसभराचा बंदोबस्त ज्या कुलपाकडे असतो, त्याची अंतर्रचना जाणण्याची जिज्ञासा मालकास क्वचितच होते. अमेरिकन लायनस येल याने १८६० च्या दशकात रूढ केलेल्या कुलपात स्प्रिंगखाली दुभागलेल्या पितळी पिनांची रांग असते. योग्य किल्लीने प्रत्येक पिनेचा सांधा फिरत्या गाभ्याच्या कडेशी जुळला, म्हणजेच गाभा फिरतो. परंतु घडणीतील सूक्ष्म तफावत अपरिहार्य असल्यामुळे, गाभ्यास हलका पीळ दिला असता पिना एकदम न अडकता क्रमाने अडकतात, आणि म्हणूनच किल्लीवाचून एकेक उचलून बसविताही येतात.

हे ज्ञान दडपावे, असा आग्रह धरणाऱ्यांनी १८५१ चे लंडन येथील प्रदर्शन स्मरावे. त्या वेळी हॉब्स नामक अमेरिकनाने ब्रामा व चब यांची निराळ्या घडणीची, अभेद्य मानलेली कुलपे उघडली, तेव्हाच कारखानदारांस सुधारणेची निकड पटली. चोरास बहुधा पहार पुरते. अज्ञान मात्र गिऱ्हाइकासच महाग पडते. म्हणून गृहनिर्माण संस्थांनी सभासदांस हे मर्म समजावून द्यावे, आणि कुलूप घेताना त्यात, अशा एकेक उचलण्यास चकविणाऱ्या, खाचेदार पिना आहेत काय, हे दुकानदारास विचारण्याचा शिरस्ता पाडावा.