हळदीची पारख

परवां सूनबाईनें हळदीचा डबा पुढें ठेवून विचारलें, "मामंजी, रंग तर छान आहे, पण हळद शुद्ध आहे हें कशावरून समजावें?" ज्या वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें आमच्या हिंगोली जिल्ह्यांतच, तरी आम्हांस तत्काळ उत्तर सुचेना. लेड क्रोमेट चोळल्यानेंही हळद पिवळीधमक दिसते, आणि कीटकनाशकाचा अंश तर डोळ्यांस दिसतच नाहीं.

रसायनशास्त्रज्ञ याकरितां प्रथम पदार्थाचे घटक वेगळे करितात. त्याची एक रीत म्हणजे सुपरक्रिटिकल फ्लुइड क्रोमॅटोग्राफी. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांहून अधिक उष्ण ठेवून त्यावर वातावरणाच्या सुमारें ७३ पटींहून अधिक दाब दिला, म्हणजे तो धड वायु राहत नाहीं व धड द्रवही होत नाहीं. वायूप्रमाणें सहज शिरतो आणि द्रवाप्रमाणें विरघळवितो. त्याच्या प्रवाहाबरोबर नमुना बारीक कणांनीं भरलेल्या नळींतून सोडला, कीं घटक मागेंपुढें बाहेर पडतात. १९६२ सालीं क्लेस्पर, कॉर्विन व टर्नर यांनीं ही रीत प्रथम प्रसिद्ध केली.

पण बाहेर कोण पडलें हें ओळखणार कोण? नळीच्या तोंडाशीं साध्या ज्योतीचा शोधक बसविला, तर बहुतेक प्रत्येक सेंद्रिय पदार्थाची तो वर्दी देतो. आपपर भेद करीत नाहीं. क्षारयुक्त मण्याचा शोधक मात्र नायट्रोजन व फॉस्फरस यांचीच विशेष दखल घेतो. हळदीच्या कर्क्युमिनांत कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन एवढेंच असतें. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकांत नायट्रोजन व फॉस्फरस दोन्ही असतात. म्हणून पहिल्यापुढें तो जवळजवळ मौन धरितो, आणि दुसऱ्याचा लेश आला तरी बोलतो. यासच नीरक्षीरविवेक म्हणावयाचें.

परंतु शिसें या शोधकास मुळींच कळत नाहीं; त्याची परीक्षा वेगळी करावी लागते. शिसें तर मुलांच्या वाढत्या मेंदूस फार घातक. तेव्हां एका कसोटीचा दाखला पाहून निश्चिंत होणें हा भ्रम होय. दाखला हातीं आला, कीं प्रथम विचारावें, यांत शोध कशाकशाचा केला होता?

हें ऐकून सूनबाई म्हणाली, "म्हणजे आधीं प्रश्नच नीट विचारला पाहिजे!" शाळेंत जन्मभर आम्हीं दुसरें काय सांगितलें?