शिष्यवृत्तीच्या अर्जाला कुलूप कोण लावणार?

२०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या अव्वल वैद्यकीय संस्थेचा कारभार कित्येक दिवस कागदावर आला. २०२३ मध्ये शासनाच्या ‘दीक्षा’ अ‍ॅपमधील लाखो शिक्षक-विद्यार्थ्यांची माहिती उघड्यावर पडल्याचे उजेडात आले. तिथे ही गत, तर तालुक्याच्या महाविद्यालयांचे काय?

हा प्रश्न आमच्या मुलांच्या जिव्हाळ्याचा आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली सुरू झालेली शिष्यवृत्ती आज ‘महाडीबीटी’वरून मिळते. त्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक खाते सारे द्यावे लागते. सधन घरच्या मुलाला हा अर्ज भरावाच लागत नाही. म्हणजे महाविद्यालयातून माहिती फुटली तर पहिला फटका आमच्याच पोरांना! भामटे खात्यापर्यंत पोहोचतील आणि जात चव्हाट्यावर येईल ती वेगळीच.

डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण दंडाने कुलूप लागत नाही. साऱ्या कार्यालयाला एकच पासवर्ड, हा प्रकार बंद करा. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. विद्यार्थ्यांचे वाय-फाय कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवा. माहितीची प्रत नियमित काढून नेटवर्कबाहेर जपा. हा खर्च शासनाने अनुदानातून द्यावा, तो फीवाढ करून विद्यार्थ्यांच्या माथी मारू नये. आणि आमच्या विद्यार्थी संघटनांनी गाफील न राहता प्रत्येक प्राचार्याला लेखी विचारावे : आमचे दाखले कोणाच्या हाती आहेत?