एचआयव्ही : औषध हाताशी आले, चाचणीचे काय?



१ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन आपल्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात नसतो. दिवाळी नुकतीच उरकलेली असते आणि संक्रांतीसाठी हॉल शोधणे चालू असते. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांवर आपण आरोग्य शिबिरे घेतो आणि त्यांना गर्दीही होते. एचआयव्हीचे नाव निघाले की मात्र "तो आपल्या लोकांत कुठे असतो?" एवढे एक वाक्य येते आणि विषय तिथेच संपतो.

हे वाक्य जुने आहे. १९८५-८६ च्या सुमारास भारतातही हेच म्हटले जात होते. हा आजार अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांचा, आपली कुटुंबव्यवस्था वेगळी, आपल्याकडे तो येणार नाही, असा सर्वांचा समज होता. तेव्हा मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातल्या. त्यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला रक्ताचे नमुने गोळा करायला सांगितले. सरकारी गृहात ठेवलेल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे ते नमुने होते. १९८६ साली वेल्लोरला त्यांची तपासणी झाली आणि सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. भारतातली ही पहिली नोंद. "आपल्यात नाही" म्हणणाऱ्यांनी तोवर आपल्यात शोधलेच नव्हते!

आज भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, आणि राज्यवार आकड्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. त्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. यांतल्या कित्येक जणींचा एकमेव 'धोका' म्हणजे लग्न. आपल्या सांगली-कोल्हापूर भागातल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको.

विषाणूबद्दल थोडक्यात. एचआयव्ही रक्त, वीर्य, योनीस्राव आणि आईचे दूध यांतून पसरतो. असुरक्षित संबंध, दुसऱ्याने वापरलेली सुई आणि गरोदरपण, बाळंतपण किंवा स्तनपानात आईकडून बाळाला, हे त्याचे मुख्य मार्ग. डास, ताट-वाटी, स्विमिंग पूल, हस्तांदोलन यांतून तो पसरत नाही. उपचार केले नाहीत तर तो काही वर्षांत प्रतिकारशक्ती खिळखिळी करतो, आणि त्या शेवटच्या अवस्थेला एड्स म्हणतात. मधली वर्षे माणूस ठणठणीत दिसतो. खरी अडचण ती आहे.

आता पुण्याची गोष्ट, कारण ती आपल्याला फारशी माहीत नसते. जोडप्यातल्या एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी १७६३ जोडपी नऊ देशांतून एका अभ्यासात घेण्यात आली. एचपीटीएन ०५२ हे त्याचे नाव. पुण्याजवळ भोसरीला असलेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', आणि चेन्नईतली डॉ. सॉलोमन यांची संस्था ही त्यांतली दोन केंद्रे. निम्म्या रुग्णांना औषध लगेच सुरू केले. उरलेल्यांना तेव्हाच्या प्रथेप्रमाणे प्रतिकारशक्ती उतरल्यावर. २०११ साली पहिला निकाल आला तेव्हा जोडीदाराकडूनच लागण झाल्याची २८ उदाहरणे सापडली होती. त्यांतले लगेच औषध घेणाऱ्यांच्या गटात फक्त एक होते. पुढे युरोपातल्या अभ्यासांनी चित्र आणखी स्पष्ट केले. औषधाने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर त्या व्यक्तीकडून संबंधांतून लागण होत नाही. अशा आईचे मूलही जवळजवळ नेहमीच निरोगी जन्मते. औषध जन्मभर घ्यावे लागते, कारण विषाणू काही पेशींत दडून बसतो. पण रोज एक गोळी घेणारा माणूस नोकरी करतो, लग्न करतो, नातवंडे बघतो.

थोडक्यात, उपचार हाच आता प्रतिबंधही झाला आहे. पण उपचार सुरू व्हायला आधी कळले पाहिजे.

लागण नसलेल्यांसाठीही साधने वाढली आहेत. कंडोम आहेच, आणि तो इतर गुप्तरोगांपासूनही वाचवतो. 'प्रेप' नावाची रोजची गोळी अमेरिकेत २०१२ पासून मिळते. धोका घडून गेला असेल तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची औषधे आहेत. त्यासाठी सोमवारच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ अर्जंट केअर किंवा इमर्जन्सीत जावे. जून २०२५ मध्ये लेनाकापाविर या इंजेक्शनला प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. ते पोटाच्या त्वचेखाली सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या ज्या २१३४ तरुणींना ते दिले, त्यांतल्या एकीलाही लागण झाली नाही. त्याच अभ्यासात रोजच्या गोळीच्या गटात मात्र लागण झाली, कारण बहुतेकींकडून गोळ्या नियमित घेतल्या गेल्या नाहीत. गोळ्यांची बाटली घरात दिसते, प्रश्न विचारले जातात. इंजेक्शन कोणाला दिसत नाही!

याची अमेरिकेतली छापील किंमत वर्षाला २८ हजार डॉलर्सच्या वर. सप्टेंबर २०२५ मध्ये डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या भारतीय कंपन्यांशी झालेले करार जाहीर झाले. त्यांनुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हेच औषध २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलर्सना मिळायचे आहे. जुन्या वाचकांना २००१ साल आठवेल. तेव्हा इथे वर्षाला दहा हजार डॉलर्सहून महाग असलेला तीन औषधांचा उपचार मुंबईच्या सिप्लाने ३५० डॉलर्सला देऊ केला होता.

मात्र औषध स्वस्त झाले तरी ते पोचवायला माणसे लागतात. जॉर्ज बुश यांनी २००३ साली सुरू केलेल्या 'पेपफार' योजनेने अडीच कोटींच्या आसपास जीव वाचवले, असा अंदाज आहे. जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत अचानक थांबवली गेली. उपचारांना नंतर सवलत मिळाली, पण तोवर कित्येक दवाखान्यांतले कर्मचारी घरी गेले होते. प्रतिबंधाच्या कामाला तर सर्वाधिक फटका बसला. काटकसर कुठे करावी यावर मतभेद असू शकतात, पण ही ती जागा नव्हे असे माझे स्पष्ट मत आहे. २०२४ साली जगात १३ लाख नव्या लागणी झाल्या. प्रतिबंध थांबला की हा आकडा कमी होत नाही.

असो. वॉशिंग्टनचे निर्णय आपल्या हातात नाहीत, घरचे आहेत. अमेरिकेत सुमारे १२ लाख लोकांना एचआयव्ही आहे आणि दर आठांपैकी एकाला ते ठाऊक नाही. १३ ते ६४ वयाच्या प्रत्येकाची निदान एकदा नेहमीच्या तपासणीतच चाचणी व्हावी, असे सीडीसी २००६ पासून सांगत आहे. आपल्यापैकी किती जणांच्या डॉक्टरांनी ती सुचवली? लग्न झालेल्या, साडी नेसलेल्या देशी बाईंना डॉक्टरही विचारत नाहीत, आणि आपण तर नाहीच नाही.

काहींना व्हिसाची भीती वाटते. लागण असलेल्यांना प्रवेश नाकारण्याचा अमेरिकेचा नियम ४ जानेवारी २०१० पासून रद्द झाला आहे, आणि ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीतही ही चाचणी नाही. दुबईत मात्र कामाच्या व्हिसासाठी ती आजही लागते आणि पॉझिटिव्ह आल्यास परत पाठवतात. तिथल्या नातेवाइकांच्या गोष्टी ऐकून इथले लोक घाबरतात, पण दोन देशांचे कायदे वेगळे आहेत.

दुसरी भीती मुलांची, आणि ती अगदी व्यावहारिक आहे. २६ वर्षांपर्यंत मुले आपल्या विम्यावर असू शकतात, आणि कोणती तपासणी झाली त्याचा हिशेब विमा कंपनी आई-वडिलांच्या नावे पाठवते. कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी त्या कागदाला घाबरून चाचणी टाळते. तो कागद आला तर चौकशीचा फोन करू नका. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा, की काउंटीच्या आरोग्य खात्यात ही चाचणी बहुतेक ठिकाणी फुकट किंवा नाममात्र पैशांत होते.

लग्न ठरवतानाही हा विषय निघतो, बहुधा "मुलाची टेस्ट करून घ्या" अशा एकतर्फी अटीच्या रूपात. दोघांनी मिळून, स्वतःच्या इच्छेने करावी. भारतातही २०१७ च्या कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि कोणाची लागण उघड करता येत नाही.

डॉक्टरांना फक्त इतके म्हणायचे : "रक्त घेताच आहात तर एचआयव्हीही बघा." घरी करायची लाळेची चाचणीही औषधांच्या दुकानात मिळते. धोका गेल्या तीन महिन्यांतला असेल, तर निगेटिव्ह निकालावर न थांबता ती तीन महिने उलटल्यावर पुन्हा करावी. पॉझिटिव्ह आली तर प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावी, आणि औषध त्याच आठवड्यात सुरू करावे.