विचारपूस कोण करतो?



अलीकडे सप्ताहात, कीर्तनात, फडावरच्या गप्पांत एक वाक्य फार ऐकू येते. ख्रिस्ती मिशनरी आता गावात येत नाहीत, ते मोबाईलमधून घरात शिरतात. वाक्य टाळ्या घेते. कीर्तनकार आवाज चढवतो, श्रोते माना हलवतात, आणि काला झाला की तीच मंडळी खिशातून मोबाईल काढून आपल्या महाराजांचे मागचे कीर्तन किती लाख लोकांनी पाहिले ते एकमेकांना दाखवतात. या वाक्याशी माझे भांडण आहे. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. कोण घरात शिरला एवढेच ते सांगते. आत बसलेल्या माणसाची त्याआधी किती महिन्यांत कोणी चौकशी केली होती, हे विचारायचे राहून जाते.

तेव्हा ती मंडळी नेमके काय करतात ते आधी पाहू. कोणाला नावे ठेवण्यापूर्वी एवढे कष्ट तरी घ्यावेत.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात एडमंड नावाचे शहर आहे. तिथल्या लाइफ चर्चने २००८ साली, फोनवर ॲप ही वस्तू नुकती येत होती तेव्हा, बायबलचे एक ॲप काढले. त्याचे नाव यूव्हर्जन. ते फुकट आहे. त्यात जाहिरात नाही. खर्च देणग्यांतून चालतो. २०२१ पर्यंत ते ५० कोटींहून अधिक वेळा फोनांवर उतरवले गेले. शेकडो भाषांतली बायबले त्यात आहेत, मराठीही आहे. डोळे अधू असतील तर वाचून दाखवण्याची सोय आहे. रोज थोडे थोडे वाचायचा नेम ते लावून देते आणि नेम चुकला तर आठवण करते. म्हणजे आपल्या घरी आजोबा दिवेलागणीला नातवाला हरिपाठाला बसवायचे, ते काम एका ॲपने पत्करले आहे.

त्याच चर्चने २००६ पासून उपासनाही इंटरनेटवर सुरू केली. आपल्याकडेही कीर्तने दिसतात, त्यात नवल नाही. मला नवल वाटले ते पडद्यावरच्या एका बटणाचे. ज्याला आपल्यासाठी प्रार्थना व्हावी असे वाटते त्याने ते दाबायचे. दाबले की पलीकडे एक स्वयंसेवक असतो. तो त्या एकाच माणसाशी, इतरांना दिसणार नाही असे, बोलतो. कोणाचा मुलगा दवाखान्यात आहे, कोणाचे काम सुटले आहे, कोणाला रात्री झोप येत नाही. हजारो लोक उपासना बघत असताना एकासाठी एक माणूस बाजूला बसवून ठेवलेला आहे. ही सगळी यंत्रणा ते दुसऱ्या चर्चनाही फुकट वापरू देतात. माउली, या बटणापाशी जरा थांबा.

आता इंग्लंडचे ऐका. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे तिथली चर्चची दारे बंद झाली. उपासना इंटरनेटवर गेली. लगेच प्रश्न आला की ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्या म्हाताऱ्यांचे काय? आणि चर्चमध्ये नियमाने येणाऱ्यांत म्हातारी माणसे तर बरीच. मग एप्रिल महिन्यात चर्च ऑफ इंग्लंडने ‘डेली होप’ नावाने एक फोन नंबर सुरू केला. साधा घरातला फोन फिरवायचा, पैसे पडत नसत, दिवसा-रात्री केव्हाही भजन किंवा प्रार्थना ऐकायला मिळे. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी स्वतः तो लोकांसमोर आणला. मोठमोठ्या वेबसाइटी एका बाजूला ठेवा. इंटरनेटच्या धांदलीत इंटरनेट नसलेल्या म्हातारीची आठवण कोणाला तरी झाली, हे मला त्या सगळ्या प्रकारात मोठे वाटते.

त्याच वर्षी आपल्याकडे काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. १७ मार्चपासून पंढरीचे राऊळ भाविकांना बंद झाले. आळंदीहून माउलींच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या आणि १ जुलैची आषाढी वाळवंटात वारकरी नसताना पार पडली. पूजा आपण पडद्यावर पाहिली. दाखवणाऱ्यांचे उपकार आहेत. पण चाळीस-चाळीस वर्षे पायी चाललेला वारकरी त्या दिवशी घरात एकटा बसला होता, त्याला किती दिंड्यांनी फोन केला? काही विणेकऱ्यांनी, काही दिंडीचालकांनी आपणहून केले, मला ठाऊक आहे. ते त्यांच्या स्वभावाने झाले. व्यवस्था म्हणून आपल्याकडे काही नव्हते, आणि आजही फारसे नाही.

आणि हे कोणाला सांगायचे? ज्यांच्याकडे जगात कुठे नसेल अशी व्यवस्था वाटेवर आहे त्यांना!

माउलींच्या सोहळ्यात चाललेल्यांनी समाज आरती पाहिली आहे. दिवसभराची चाल संपून मुक्कामाला पालखी उतरते, दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतो, ‘हो’ म्हणून हाक देतो, आणि हजारो माणसांचा तो गजर एका क्षणात थांबतो. फक्त एखाद्या दिंडीचा टाळ वाजत राहतो. त्या दिंडीची काही तक्रार असते. पाणी मिळाले नाही, चालण्याच्या क्रमात कोणी घुसले, काहीतरी अडले आहे. सगळा सोहळा शांत उभा राहतो आणि चोपदार त्या वाजणाऱ्या टाळापर्यंत जातो. गाऱ्हाणे ऐकले जाते, मगच पुढे जायचे. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात. कोणाची पिशवी, कोणाचा चष्मा. आरती तोवर थांबलेली असते.

म्हणजे ते बटण आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. लाखांच्या सोहळ्यात एका दिंडीचा टाळ ऐकायची रीत आपल्या पूर्वजांनी घालून दिली. पण ही रीत आपण वाटेवरच ठेवून घरी येतो. काला झाला, गोपाळपुरातून परत फिरलो, की पुढच्या आषाढीपर्यंत कोणाचा टाळ वाजतो आहे याचा पत्ता नसतो. नगर जिल्ह्यातल्या एका दिंडीतल्या आजी मला माहीत आहेत. डोक्यावर तुळस घेऊन तीसेक वर्षे चालल्या. गुडघे गेले, वारी सुटली. त्यांच्या नावापुढे दिंडीच्या वहीत रेघ आली आणि विषय संपला. नातवाने त्यांना मोबाईल लावून दिला आहे. आजी दिवसभर कीर्तने पाहतात. मी गेलो तेव्हा म्हणाल्या, ‘महाराज फार छान बोलतात, पण माझ्याशी कोणी बोलत नाही.’

आता आपले इंटरनेट कसे आहे ते बोलू. एकादशीला कीर्तन लावा. निरूपण रंगात आले की मध्येच जाहिरात येते, कधी कर्जाची, आणि २०२५ पर्यंत तर पत्त्यांच्या जुगाराचीही येत असे. ज्या कीर्तनकाराला कीर्तनाच्या गावी अन्नदेखील घेऊ नये असा दंडक संतांनी घालून दिला, त्याच्या अभंगाच्या दोन चरणांमध्ये जुगाराचा धंदा चालला. अडीच तासांच्या कीर्तनातून दीड मिनिटाचा विनोद कापून फिरवतात, कारण तोच पाहिला जातो. सुनेवर, बायकांच्या कपड्यांवर, पोरांच्या केसांवर. त्यावर लाखभर लोक हसतात आणि निरूपणाला वीसजण उरतात. मग पुढच्या गावात महाराज विनोदानेच सुरुवात करतात. ज्याची गाथा नदीतून वर आली म्हणून आपण सांगतो, त्याच्या नावावर कोणीही काहीही चार ओळी लिहून, मागे विठोबाचे चित्र लावून पाठवतो, आणि आपण पुढे पाठवतो. गाथा-ज्ञानेश्वरी काही एकट्या-दुकट्या माणसांनी पदरचे पैसे घालून, रात्री जागून संगणकावर चढवली, त्यांच्या पायांवर डोके ठेवावे. नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली त्या कामाची ती वंशावळ आहे. मोठे मठ, मोठ्या संस्था, मोठी देवस्थाने यांनी हे अंगावर का घेतले नाही, हे मात्र कोणी त्यांना विचारायला हवे. मांडवाला आणि आवाजाच्या भिंतींना जेवढा खर्च एका सप्ताहात होतो त्यात बरेच काही झाले असते.

इथे कोणी म्हणेल, मग काय त्यांचीच री ओढायची? नाही. त्यांचेही सगळे घेण्यासारखे नाही. अमेरिकेत बिली ग्रॅहम यांच्या संस्थेने २०११ पासून इंटरनेटवर प्रचार चालवला आहे. दुःखात, एकटेपणात माणूस रात्री काही शोधू लागला की त्याच्यापुढे त्यांचा संदेश यावा अशी योजना असते. संदेश वाचून, प्रार्थना म्हणून, माणसाने कळीचे बटण दाबले की त्याने ख्रिस्त स्वीकारला अशी नोंद होते आणि त्या नोंदींचे आकडे जाहीर होतात. हे मला पटत नाही. मध्यरात्री रडणाऱ्या माणसाने दाबलेले बटण ही दीक्षा नव्हे. ज्याचे दुःख हलके करायचे त्याचीच मोजणी करायची, यात सेवेपेक्षा हिशेब जास्त आहे. पण हे बोलण्याचा अधिकार आपल्याला कधी येईल? आपण कीर्तनाचे लाख मोजणे थांबवू तेव्हा. आकड्याचा मोह सारखाच असतो, त्यांचा काय आणि आपला काय.

त्यांच्यातल्याच जाणत्यांना मर्यादाही कळते. रोमच्या व्हॅटिकनने २००२ मध्ये इंटरनेटवर एक निवेदन काढले. इंटरनेट वापरा असे त्यात आहेच, पण संस्कार इंटरनेटवर होत नाहीत, आणि पडद्यावरून माणसाला प्रत्यक्ष मंडळीत आणले पाहिजे, असेही स्पष्ट म्हटले आहे. आपल्याला तर हे सांगावेच लागू नये. वारकरी वारकऱ्याच्या पाया पडतो, वयाने लहान मोठ्याच्या आणि मोठा लहानाच्या. ते पडद्यावर कसे होणार? चंद्रभागेचे स्नान, कळसाचे दर्शन, पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाने वाढलेली भाकरी, यांना देह लागतो.

तरी नव्या साधनाकडे पाठ फिरवणारा कट्टा आपल्यात आहे, त्याच्यासाठी थोडा जुना इतिहास. फादर स्टीफन्स या इंग्रज जेज्विटाने गोव्यात ख्रिस्तपुराण रचले, १६१६ साली ते छापले गेले. १०,००० हून अधिक ओव्या आहेत. लोक ओवी ऐकतात हे त्याने पाहिले आणि ओवीच घेतली. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत राहिले, आणि अभंग नि कीर्तन त्यांनी सोडले नाही. ते आपल्याकडून घ्यायला लाजले नाहीत. आपणही एकदा त्यांच्याकडून घेतले आहे. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातली पुस्तके पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभा केला, शाई स्वतः केली आणि पंचांग छापले. गोविंद नारायण माडगावकर १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये हे सांगतात आणि सोबत हेही, की छापील कागदाला शिवायला भिणारी माणसे तेव्हाही होती. आज त्याच छापील गाथेला आपण मखमली कापडात बांधून देवघरात ठेवतो. छापखाना ख्रिस्ती नव्हता, फोनही नाही.

आणखी एक आक्षेप येतो, तो खरा आहे. आपल्याला प्रचार करायचाच नाही. वारकरी कोणाला धरून आणत नाही. माळ मागून घ्यावी लागते, वारी ज्याची त्याने धरायची असते. मान्य, शंभरदा मान्य. पण जो आधीच आपला आहे त्याची खबर घेणे हा प्रचार नव्हे. पुण्यात खोलीवर राहून परीक्षा देणारा माळकऱ्याचा मुलगा, दुबईत गेलेला टाळकरी, नवरा गेल्यावर दिंडी सुटलेली बाई, कर्जाने घेरलेला विणेकरी, हे आपलेच आहेत. यांतल्या कोणाला परक्या माणसाने ‘कसे आहात’ विचारले आणि तो तिकडे वळला, तर राग त्या परक्यावर काढून काय होणार?

पैसा नको, ॲप नको, समिती तर मुळीच नको. दिंडीत वही असतेच, भिशीची असते, तंबूची असते. त्यातच मागच्या पाच वर्षांत गळालेल्यांची नावे काढावीत. का गळाले ते लिहावे. आजारी, वृद्ध, परगावी, रुसलेले. रुसलेल्यांची यादी बहुधा लांब होईल. दहा-दहा नावे एकेका तरुण टाळकऱ्याकडे द्यावीत. दर एकादशीला फोन करायचा, आधी ऐकायचे, मग एक अभंग म्हणायचा. निरोप द्यायचा नाही, वर्गणी मागायची नाही, कीर्तनाची चित्रफीत पाठवायची नाही. आवाज रेकॉर्ड करायचा नाही. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याला आधी, कारण त्याला दुसरे काहीच पोचत नाही. ज्याचे बोलणे ऐकून काळजी वाटेल त्याच्या घरी त्याच आठवड्यात दोघांनी जाऊन यावे, जाताना भाकरी बांधून न्यावी.

येती एकादशी जवळच आहे. नगर जिल्ह्यातल्या त्या आजींना दुपारी दोननंतर फोन केलेला चालतो, त्याआधी त्या हरिपाठ म्हणत असतात. थोडे मोठ्याने बोलावे लागते.