अंबडच्या कढईतले काळे तेल

छातीत कळ आली की आपल्याकडे पहिला संशय पित्ताचा. सोडा घेतला जातो, छातीला बाम चोळला जातो, आणि धावपळ करायची ती वेळ घरातच निघून जाते. मग गाडी शोधा, जालना गाठा, नाहीतर छत्रपती संभाजीनगर. हृदयविकार हा म्हातारपणाचा आजार आहे, ही समजूतही आता सोडायला हवी. 52 देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी 53व्या वर्षी आल्याचे दिसले. इतर ठिकाणी हे वय 59च्या आसपास होते. म्हणजे घरचा कर्ता, मुलीचे लग्न व्हायचे असतानाचा माणूस.

तंबाखू, बिडी, रक्तदाब, साखर ही कारणे आहेतच. पण ताटाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो.

सकाळी कोणत्याही तालुक्याच्या बसस्थानकाबाहेर उभे राहा. कढईतले तेल चहासारखे काळपट, कडेला चिकट थर, वर फेस. कालचे तेल फेकले जात नाही, त्यातच नवे ओतले जाते. तळण्याच्या तेलात वारंवार तापवल्याने वाढणारे ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते वापरू नये, हा नियम जुलै 2018 पासून लागू आहे. हे प्रमाण मोजणारे यंत्र हातात मावते. ते अंबडच्या बाजारात किती वेळा आले, हे अन्न व औषध प्रशासनाने जाहीर करावे. गाडीवाल्याला दंड ठोकून प्रश्न सुटणार नाही. त्याचे वापरलेले तेल योग्य दराने उचलून जैवइंधनाकडे पाठवण्याची सोय नगरपरिषदेने लावून द्यावी.

घरातली कथा वेगळी नाही. ज्वारीच्या शेतात करडईचे तास असायचे, बांधाकडेने तिचे काटे गुरांना अडवायचे, कोवळ्या पानांची भाजी व्हायची आणि घाण्यावरचे तेल वर्षभर पुरायचे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला. कोरडवाहूवर कापूस आणि सोयाबीन पसरले. करडई काढायला काटे सोसणारा मजूर मिळेना. तिची जागा पाकिटातल्या पामतेलाने घेतली. पामतेलात जवळपास निम्मी चरबी संपृक्त, करडईच्या तेलात ती दहा टक्क्यांच्या आत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम'सारखे वाण दिले, सरकार करडईला हमीभावही जाहीर करते. खरेदीची खात्री आणि काढणीचे यंत्र गावात असल्याशिवाय शेतकरी तिच्याकडे वळणार नाही, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

चांगले तेलही ओतून खायचे नसते. माणशी दिवसाला 25 ते 30 ग्रॅम धरले, तर चौघांच्या घराला महिन्याला तीन-साडेतीन किलो पुरते. वाणसामानाची यादी काढून पाहा. मिठाची मर्यादा माणशी पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. लोणचे, पापड, फरसाण त्यातच आले. ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, मेथी, मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी, दोन फोडी मोसंबी: यातले काहीही शहरातून आणावे लागत नाही.

नवरात्रात अंबडच्या गडावर मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला भाविकांची रीघ लागते, उपवासाच्या नावाने साबुदाणा वडे आणि बटाट्याचे वेफर्स दिवसभर तळले जातात. येत्या यात्रेत गडाच्या पायथ्याशी तेलतपासणीचे पथक पहिल्या माळेपासून बसवावे आणि शेजारीच रक्तदाब तपासण्याची सोय असावी. आजपासून तयारी केली तर हे सहज होण्यासारखे आहे.